पांढऱ्या शेतातला चर

वीटभट्टीवाला शेताच्या मधोमध उकिडवा बसला. त्याने चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली.

"खोटं कशाला बोलू," तो उठत म्हणाला, "या मातीची वीटसुद्धा व्हायची नाही. झाली तरी वर्षाच्या आत भिंतीला पांढरं फुटेल आणि लोक माझ्या दारात येऊन शिव्या घालतील."

त्याला घेऊन आलेला गवंडी खाली बघत राहिला. शेत त्याच्या बापाचं होतं आणि भट्टीवाल्याला बोलवायची कल्पना त्याची होती. "वरचा थर सोडून द्या की," तो म्हणाला. "खालची माती बरी असेल."

भट्टीवाल्याने कुदळीचे पाच-सहा घाव घातले. हातभर खड्डा झाला नाही तोच तळाला पाणी पाझरायला लागलं. त्याने कुदळ गवंड्याच्या हातात दिली, बुटाला चिकटलेला चिखल बांधावरच्या दगडावर खरवडून काढला आणि निघून गेला.

बांधावर गवंड्याचा बाप आणि बायको उभे होते. बापाला सगळे आबा म्हणायचे. सत्तरी गाठलेला, उंच, काटक माणूस. पण भट्टीवाला दिसेनासा होईपर्यंत तो एकदा वाकला आणि एकदा सरळ झाला, जसं काही कमरेत चमक भरली होती. सुनेने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. माणसाची अशी वेळ बघायची नसते, हे तिला कळत होतं.

"विटेच्या लायकीचंही नाही म्हणे," आबा म्हणाले.

"भट्टीवाल्याची जीभ ती," सून म्हणाली. "दिवसभर माती चाटतो. त्याला काय चव कळणार!"

आबा हसले नाहीत.

शेत अडीच एकराचं. वरच्या अर्ध्या भागात अजून थोडंफार पिकायचं. खालचा अर्धा भाग मात्र पार पांढरा पडला होता. पाय ठेवला की वरची खपली करकर वाजायची आणि खाली ओल लागायची. उन्हाच्या दिवसांत तिथे बघवत नसे, इतकं ते चमकायचं. गवतही उगवत नसे. मग गवंडी गवंडीकामाला जाऊ लागला. भिंती बांधून चार माणसांचं नसलं तरी तिघांचं घर चालत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. "कंत्राटदार शहरात खोली देतोय. वर पत्रा आहे, पण दारात नळ आहे. मला रोजचं जाणं-येणं वाचेल. तिघंही जाऊ."

"मी तिथे काय करू?" आबांनी विचारलं. "वाळू चाळू?"

"आराम करा."

"आराम करायला माणसाला आधी दमावं लागतं."

सून उठली आणि डब्याखाली ठेवलेला एक कागद घेऊन आली. महिन्याभरापूर्वी ती पिशवीत माती घेऊन तपासणी केंद्रात गेली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बाजाराला जाते म्हणाली होती. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी तिला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, आणि अर्धा तास बसवून सगळं समजावलं होतं. सरकारी कचेरीत कुणी आपल्याला अर्धा तास देतं याचंच तिला इतकं वाटलं होतं, की परत येताना ती सगळं पाठ करत आली होती.

"त्या बाई म्हणाल्या, मीठ जमिनीच्या पोटात होतंच," तिने सांगितलं. "आपण पाणी पाजून पाजून त्याला वर बोलावलं. खालचं पाणी हातभरावर आलंय. ते खाली उतरवायचं. शेताच्या कडेने खोल चर खणायचा, उताराकडे काढून द्यायचा. पाणी उतरलं की पावसाने मीठ धुऊन निघेल. पुढे ताग पेरून तो हिरवाच मातीत गाडायचा, खत म्हणून. दोन-तीन वर्षं लागतील म्हणाल्या. पण जमीन मेलेली नाही. आजारी आहे म्हणाल्या."

गवंडी कागदाकडे बघत होता. "पाणी पाजून," एवढेच शब्द घरात राहिले. कालवा आला तेव्हा पाणी पाजणारे आबाच होते. कालव्याचं पाणी आल्यावर त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. पाळी असो नसो, पिकाला हवं असो नसो, कालव्याचं दार उघडायचं आणि पाण्याकडे बघत बसायचं. लहानपणी घोटभर पाण्यासाठी मैलभर चाललेला माणूस तो; शेतात उभं राहिलेलं पाणी त्याला संपत्तीसारखं वाटायचं.

आबांनी ताट बाजूला सारलं. "पाणी मी दिलं," ते म्हणाले. "आता काढतोही मीच. या शेताने इतकी वर्षं आपल्याला जेवू घातलं. तुझ्या आईचं औषधपाणी केलं, तुझं लग्न केलं. आजारी पडलं म्हणून टाकून जायचं?"

गवंड्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "पुढच्या पेरणीपर्यंत बघा. त्यानंतर मात्र मी सांगेन ते ऐकायचं."

*

चर खणायचा तर उतार एकाच बाजूला होता, आणि त्या बाजूला मास्तरीणबाईंचं शेत होतं. निवृत्त शिक्षिका, एकट्या, कडक. त्यांच्या शेतातून चर नेल्याशिवाय पाणी ओढ्याकडे जाणार नव्हतं.

आणि तिथेच घोडं अडत होतं. बारा वर्षांपूर्वी बाईंनी आबांना चारचौघांत, कालव्याच्या दारावर, सांगितलं होतं, की तुमच्या शेतातलं पाणी माझ्या शेतात झिरपतंय, जरा हात आखडता घ्या. त्यावर आबा म्हणाले होते, "बाई, तुम्ही पोरांना पाढे शिकवा. पाण्याचं आम्हाला शिकवू नका." लोक हसले होते. त्यानंतर बाई आबांशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"मी जाते विचारायला," सून म्हणाली.

"नको," आबा म्हणाले. "बोललो मी होतो."

तरी ती सोबत गेली. बाई ओसरीवर चष्मा लावून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. बसा म्हणाल्या नाहीत. आबा पायरीच्या खाली उभे राहिले, डोक्यावरचं फडकं काढून त्यांनी हातात घेतलं.

"बाई, तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाण्याचं. तेव्हा तुमचं बरोबर होतं. मी उगाच बोललो. चारचौघांत बोललो. चुकलं."

बाईंनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. "बारा वर्षं लागली हे गणित सुटायला?"

"अवघड होतं."

सुनेला हसू आलं आणि ते दाबता दाबता तिला ठसका लागला. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग उठून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सून पाणी प्यायली. तांब्या हातात होता तोवर आबांनी चराचं सगळं सांगून टाकलं.

बाई त्यांना घेऊन आपल्या शेताच्या वरच्या कडेला गेल्या. तिथे पाच-सहा पावलांचा पट्टा पांढरा पडला होता. "हे बघा तुमचं पाणी," त्या म्हणाल्या. "मी तक्रार करायला कुठे गेले नाही. कुणाकडे जाणार? मीठ काय समन्स घेतं?" मग त्यांनी हाताने रेघ दाखवली. "चर मधून जाणार नाही. बांधाच्या कडेने जाईल. लांब पडेल, पण माझं शेत दोन तुकडे होणार नाही. तुतीच्या झाडाची मुळं तुटता कामा नयेत. आणि खणायचा तुम्ही. मी बघायला बसेन."

परत येताना आबा म्हणाले, "बाईने तांब्या दिला."

"मला दिला," सून म्हणाली.

"घर तर आपलं एकच ना."

*

दुसऱ्या दिवसापासून दोघं खणायला लागले. चर वरच्या टोकाला मांडीइतका, उताराच्या टोकाला छातीइतका खोल. आपल्या शेतात एकशेवीस पावलं, बाईंच्या शेतात नव्वद. आबा कुदळ मारायचे, सून फावड्याने माती घमेल्यात भरून वर टाकायची. पहिले चार दिवस तिच्या तळहातांना फोड आले, पाचव्या दिवशी फुटले, आठव्या दिवशी तिथे कातडं जाड झालं. वरची माती कोरडी आणि दगडासारखी; दोन हात खाली गेलं की तीच माती कणकेसारखी चिकट. फावडं आत जायचं आणि बाहेर यायला तयार नसायचं. फावडं सुटलं की फस्सकन आवाज यायचा, आणि आबा दर वेळी म्हणायचे, "माफ कर गं बाई, माझा नव्हे." पहिल्यांदा सून लाजली. मग तीच म्हणायला लागली, "आबा, पोट सांभाळा."

दुपारी ती भाकरी घेऊन चराच्या कडेला बसायची. खारट पाण्याने टाचांच्या भेगा झोंबायच्या. आबांच्या कमरेवरून हात फिरवून मालिश करायला घरात कुणी नव्हतं. सुनेने ते करावं असं त्यांना वाटत नसे. मग ते चराच्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि म्हणायचे, ओली माती बरी वाटते पाठीला.

गवंडी सकाळी अंधार फिटायच्या आत कामाला जायचा आणि संध्याकाळी यायचा. चराकडे तो जात नसे. पण पंधराव्या दिवशी त्याला सुट्टी होती, आणि तो दात घासत घासत बांधावर आला. थोडा वेळ बघत राहिला. मग चूळ टाकून म्हणाला, "हे कुणी आखलं?"

"मी," आबा म्हणाले.

"कशाने?"

"डोळ्याने."

"डोळ्याने! इथे तुमचा तळ मधल्यापेक्षा वर आलाय. पाणी काय उडी मारणार?"

तो घरी गेला आणि पिशवीतून पाण्याची नळी घेऊन आला. लांब पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. दोन टोकांना पाणी जिथे थांबेल ती एक पातळी. भिंती बांधताना रोज वापरायचा. एक टोक त्याने बायकोच्या हातात दिलं. "हलू नकोस. हलवलंस की सगळं खोटं." त्याने दर दहा पावलांवर खुंटी ठोकली, खुंटीवर खूण केली, खुणेपासून किती खोल जायचं ते काठीवर कोरून दिलं. दुपार झाली तरी तो शेतातच होता. जेवायला बोलावलं तर म्हणाला, "ही एवढी ओळ होऊ दे."

बाई आपल्या बांधावर तुतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. "हे शिकलास कुठे?" त्यांनी विचारलं.

"काम करता करता, बाई."

"माझ्या वर्गात तर तुला रेघ सरळ मारता येत नव्हती."

"तेव्हा पट्टी तुमच्याकडे असायची. माझ्या हातावर पडायची."

बाई हसल्या. सुनेने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर दर सुट्टीला गवंडी चरात उतरायला लागला. शहरातल्या खोलीचं तो बोलला नाही, आणि कुणी आठवणही केली नाही.

*

चर बाईंच्या शेतात अर्ध्यावर आला तेव्हा चराची भिंत ढासळली. आबा खाली उभे होते, छातीपर्यंत आत. बाजूची ओली माती आवाज न करता सरकली आणि त्यांना कमरेपर्यंत धरून बसली. सून दहा पावलांवर होती. तिने वळून बघितलं तर आबा भिंतीला रेलून उभे, चेहरा पांढराफटक, आणि शांतपणे म्हणत होते, "पोरी, पाय सापडत नाहीत माझे."

ती धावली. फावडं लावायची भीती वाटली, पायाला लागेल म्हणून. तिने हातांनी उपसायला सुरुवात केली. तिच्या शेजारी धपकन कुणीतरी उतरलं. मास्तरीणबाई होत्या, पासष्ट वर्षांच्या, कासोटा खोचून. दोघींनी कुत्र्यासारखी माती उकरली. बाईंचा चष्मा चिखलात पडला, तो त्यांनी उचलला नाही. अर्ध्या तासाने आबांचा एक पाय निघाला, मग दुसरा. घोटा सुजला होता, पण हाड शाबूत होतं.

त्यांना वर काढून तुतीखाली बाईंच्या खुर्चीवर बसवलं. आबा आपल्या पायांकडे बघत राहिले. मग बाईंच्या हातांकडे. नखांत चिखल, एका बोटातून रक्त.

"बाई," ते म्हणाले.

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. "आणि माझा चष्मा शोधायला सांगा कुणाला तरी. तुम्ही मला दोन-दोन दिसताय. एक पुरे आहे."

संध्याकाळी गवंड्याने भिंत पाहिली आणि डोक्याला हात लावला. "भिंती उभ्या नाही घ्यायच्या. तिरक्या घ्यायच्या. ही काय विटांची भिंत आहे?" त्याने कामावरून आठ दिवसांची सुट्टी घेतली. आबांचा पाय बरा होईपर्यंत तो आणि त्याची बायको खणत राहिले, आणि आबा बाईंच्या खुर्चीत बसून दोघांना चुका दाखवत राहिले. बाईंनी स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणली.

*

दोन महिने आणि तीन दिवसांनी शेवटचा मातीचा पडदा फोडला. गवंड्याने कुदळ घातली, गढूळ तांबूस पाणी आधी बोटभर आलं, मग मनगटाएवढं, आणि चर भरून ओढ्याकडे वाहायला लागला. सून पाण्याच्या सोबत चालत गेली, अगदी ओढ्यापर्यंत. पाणी ओढ्यात पडलं तिथे ती उभी राहिली आणि तिला रडू आलं. इतक्या दिवसांत, फोड फुटले तेव्हाही, ती रडली नव्हती.

आठ दिवस पाणी वाहत राहिलं. शेतातल्या खड्ड्यातलं पाणी हातभरावरून दोन हातांवर उतरलं. आबा रोज काठी घालून बघायचे आणि काठीवर खूण करायचे.

नवव्या दिवशी सकाळी दूधवाली दारात उभी राहिली. ओढ्याच्या वळणावर तिचा गोठा होता, अकरा गाई. आवाज मोठा, अंगाने दणकट, गावभर दूध घालणारी बाई. आज मात्र तिच्या हातात दुधाची किटली नव्हती.

"आबा, तुमचं मीठ माझ्या गाईंच्या पोटात जातंय," ती म्हणाली. "चार गाईंना हगवण लागलीय. एक तर गाभण आहे. ओढ्यात आता पाणी आहेच कितीसं? त्यात तुमचं मिसळलं की निम्मं तुमचंच. प्यायचं काय त्यांनी?"

गवंडी पुढे झाला. "दोन महिने खणलंय आम्ही. आबा गाडले जाता जाता वाचले—"

"मग माझ्या गाईंनी काय केलंय त्याचं?"

सुनेला त्या बाईचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता, कारण ती खरं बोलत होती.

आबा उठले. लंगडत कोपऱ्यातलं फावडं घेतलं. "चल," ते सुनेला म्हणाले. आणि दूधवालीला म्हणाले, "तूही चल. बंद झालेलं डोळ्यांनी बघ."

चराच्या तोंडाशी त्यांनी स्वतः माती टाकली. सुनेने टाकली. पाणी थांबलं, मागे फुगायला लागलं. दूधवाली हातांची घडी घालून बघत होती. भांडायच्या तयारीने आलेली बाई, तिला भांडायलाच काही उरलं नाही.

"एवढ्यात ऐकलंत?" ती म्हणाली.

"मागे एकदा ऐकलं नव्हतं," आबा म्हणाले. "त्याचंच हे सगळं."

दूधवाली गेली नाही. तिथेच घुटमळत राहिली. मग तिने ओढ्याच्या अलीकडच्या खोलगट जागेकडे बोट दाखवलं. पडीक, कुणाचीच नसलेली जागा. लव्हाळ्याचं रान माजलेलं. "तिथे का नाही सोडत? लव्हाळ्याला खारं पाणी चालतं. माझ्या गाई तिकडे जात नाहीत, चिखल आहे म्हणून. पाणी तिथेच बसेल, उन्हाने आटेल. पावसात ओढा दुथडी भरला की मग सोडा सगळं ओढ्यात, तेव्हा माझ्या गाईंना कळणारही नाही."

गवंड्याने अंदाज घेतला. "चाळीस पावलं. पण कठीण आहे. मुरूम आहे."

"मुरूम मला सांगू नका," दूधवाली म्हणाली. "माझा गोठा मी मुरमातच बांधलाय." आणि दुसऱ्या दिवशी धारा काढून झाल्यावर ती स्वतःची पहार घेऊन आली. तिच्या एका घावाला जेवढा मुरूम फुटायचा तेवढा गवंड्याच्या तीन घावांना फुटत नसे. तो तिच्या पुढे खणायला लाजायला लागला आणि माती उचलायचं काम त्याने आपणहून घेतलं.

"वहिनी," ती सुनेला म्हणाली, "नवरा चांगला आहे तुझा. पण पहारीला नको देऊस."

पाच दिवसांत ते झालं. गाई आठवड्यात सावरल्या. गाभण गाय नीट व्यायली आणि दूधवालीने पहिल्या दिवशीचं दूध आबांच्या घरी आणून दिलं. भांडं रिकामं करून द्या, एवढंच म्हणाली.

*

पावसाळ्यात त्यांनी पांढऱ्या भागाला उंच बांध घातले आणि पावसाचं पाणी अडवून ठेवलं. ते जमिनीत मुरलं आणि मीठ घेऊन चरातून बाहेर पडलं. ओढा फुगला की गवंडी लव्हाळ्याच्या जागेची ओढ्याकडची मातीची पाळ फोडायचा, ओसरायला लागला की पुन्हा घालायचा. त्याआधी दर वेळी दूधवालीला सांगून यायचा. तिने एकदाही नाही म्हटलं नाही, आणि त्याने एकदाही न सांगता फोडली नाही.

पहिल्या वर्षी ताग पेरला तो ठिगळासारखा उगवला. इथे टोपलीभर, तिथे ओंजळभर. तेवढाच गाडला. दुसऱ्या वर्षी कमरेइतका झाला. तोही गाडला. तपासणाऱ्या बाई स्वतः बघायला आल्या, खड्ड्यात काठी घातली, मातीच्या पुड्या बांधून नेल्या. सुनेने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. जाताना त्या म्हणाल्या, "जव पेरून बघा. त्याला थोडं मीठ सोसतं." लव्हाळ्यात कुठून तरी पाणकोंबड्या आल्या होत्या. आबा त्यांची पिल्लं मोजायला जायचे आणि दर वेळी वेगळा आकडा घेऊन यायचे.

त्या हिवाळ्यात कालव्याचं पाणी आलं तेव्हा दारावरचा माणूस आबांना हाक मारायला आला. "आबा, पाळी तुमची."

आबा शेतात गेले, मूठभर माती उचलून दाबली. गोळा झाला. "नको," ते म्हणाले. "ओल आहे. शेवटच्या माणसाला सोड. त्याच्याकडे पोचतच नाही."

दारावरचा माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "बरं वाटत नाही का आबा?"

"आता बरं वाटतंय," आबा म्हणाले.

जव आला. भरघोस नव्हता, काही ठिकाणी विरळ होता, पण पांढऱ्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा जव उभा होता. कापणीला मजूर सांगितले नव्हते. तरी सकाळी बांधावर दूधवाली होती, विळा घेऊन. मास्तरीणबाई होत्या, पेंढ्या बांधायला. गवंडी कामावर गेला नव्हता. आबा सगळ्यांच्या पुढे.

दुपारी जेवणं झाली. सून चार भांडी गोळा करून तुतीखाली ठेवायला गेली आणि दोन मिनिटं टेकावं म्हणून बसली. आदल्या दिवसापासून ती पायांवर होती. दळण, पाणी, सगळ्यांच्या भाकऱ्या, वर सकाळपासून कापणी. झाडाला पाठ लागली, आणि पुढचं तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा सावली लांब झाली होती. तोंडावर कुणीतरी ओलं फडकं टाकलं होतं, माश्या बसू नयेत म्हणून. डोक्याखाली उशीसारखी जवाची पेंढी होती. ती दचकून उठली. लग्न होऊन आल्यापासून ती दिवसाची कधी झोपली नव्हती, आणि झोपली तीही कापणीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, सासऱ्याच्या देखत.

शेत कापून झालं होतं. पेंढ्यांच्या उडव्या ओळीने उभ्या होत्या. सगळे बांधावर पाय सोडून बसले होते, कुणीच काही बोलत नव्हतं.

"उठवलं का नाही मला?" ती जवळ जात म्हणाली. तिचा चेहरा शरमेने लाल झाला होता. "एवढं काम, आणि मी आपली पसरलेय."

"झोपली होतीस," आबा म्हणाले. जणू तेवढं कारण पुरेसं होतं.

"आबांनी आम्हाला खोकूसुद्धा दिलं नाही," दूधवाली कुजबुजली; दुपारभर कुजबुजून लागलेली सवय तिच्या मोठ्या आवाजाला अजून सुटली नव्हती. "बाईंना शिंक आली, तर त्यांना पार ओढ्यापर्यंत पाठवलं."

"गेले मी," बाई म्हणाल्या. "दोनदा गेले."

गवंडी उठला, तिच्या हातात तिचा विळा दिला आणि शेताच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे जवाचा एवढासा चौकोन उभा होता, चटईएवढा.

"तेवढा तुझ्यासाठी ठेवलाय," तो म्हणाला. "आबा म्हणाले, शेवटचा हात तिचा लागू दे."

तिला काहीतरी बोलायचं होतं. आबांना, बाईंना, त्या कुजबुजणाऱ्या दूधवालीला, नवऱ्याला. एवढ्या सगळ्यांना पुरेल असा एक शब्द तिला सापडेना. ती विळा घेऊन कोपऱ्यात गेली, वाकली, डाव्या हाताच्या मुठीत जव धरला आणि सावकाश, एकेक मूठ करून कापायला लागली. बांधावर सगळे वाट बघत बसले होते. कुणालाही घाई नव्हती.